मॉनिटरची निवड: बालाघाटच्या बाजारातला अनुभव

मॉनिटर हा संगणकाचा सर्वांत जास्त टिकणारा भाग. प्रोसेसर जुना होतो, हार्ड डिस्क बसते, ग्राफिक्स कार्ड चार-पाच वर्षांत मागे पडते. मॉनिटर मात्र एकाच टेबलावर दोन-तीन संगणक येताना-जाताना पाहतो. तरीही खरेदीच्या वेळी त्याचा नंबर शेवटचा. बाकी सगळे ठरल्यावर जे पैसे उरतील त्यात बसेल तो मॉनिटर, असा हिशोब मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या बाजारात वर्षानुवर्षे चालत आला आहे. संगणक विकणे आणि दुरुस्त करणे यात ज्यांची उमर गेली, त्यांना या हिशोबाचे परिणाम दुकानात परत येताना दिसतात: अक्षरे फाटतात, डोळे चुरचुरतात, गेम अडकतो, फोटो काळे छापले जातात. यातल्या निम्म्या तक्रारींत मॉनिटर बिघडलेला नसतोच. तो दुसऱ्याच कामाचा असतो.

या जिल्ह्यातला ग्राहकही एका साच्याचा नाही. वारासिवनी-कटंगीकडच्या राइस मिलचा मुनीम, सरकारी अर्ज भरून देणारे एमपी ऑनलाइनचे कियोस्क चालवणारा तरुण, लग्नपत्रिका छापणारा प्रेसवाला, अल्बम बनवणारा फोटो स्टुडिओ, मलाजखंडच्या तांब्याच्या आणि भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत नोकरी करणाऱ्यांची मुले. मोठ्या शहरात गेमिंगचा मॉनिटर वेगळा आणि ऑफिसचा वेगळा, अशी वाटणी परवडते. इथे बहुतेक घरांत दिवसा बिले आणि रात्री गेम एकाच पडद्यावर चालतात. म्हणून दोन्ही कामांना नेमके काय लागते आणि कशावाचून चालते, हे उलगडून पाहावे लागते.

सीआरटी मॉनिटरच्या काळात निवड करण्यासारखे फारसे काही नव्हते. पंधरा इंची पडदा, १०२४ × ७६८ चे चित्र, मागे हातभर पाठ. तरी एक गोष्ट तेव्हाच शिकायला मिळाली होती. विंडोज नव्याने टाकले की रिफ्रेश रेट ६० हर्ट्झवर येऊन बसायचा आणि पडदा लुकलुकायचा. सायबर कॅफेत दिवसभर बसणारा मुलगा डोके धरून यायचा, सेटिंगमध्ये ७५ किंवा ८५ हर्ट्झ करून दिले की त्याची डोकेदुखी थांबायची. नंतर एलसीडी आले. त्यांत असा लुकलुकाट नव्हता, पण सुरुवातीच्या पॅनलना रंग बदलायला इतका वेळ लागायचा की काउंटर-स्ट्राइकमध्ये पळणाऱ्या खेळाडूमागे सावली ओढली जायची. कॅफेतली खेळणारी मुले म्हणूनच जुन्या डब्यासमोरची जागा पकडायला धावायची, आणि मालकाला मात्र सगळे एलसीडी हवे होते. त्याचे कारण विजेचे होते. सीआरटी ऐंशी-शंभर वॉट खायचा, एलसीडी वीस-पंचवीस. लाइट गेल्यावर ६०० व्हीएच्या त्याच यूपीएसवर संगणक कितीतरी जास्त वेळ तग धरायचा, आणि बालाघाटात हा मुद्दा चित्राच्या दर्जापेक्षा मोठा होता.

त्यानंतरची बरीच वर्षे साडेअठरा इंची, १३६६ × ७६८ च्या मॉनिटरची होती. स्वस्त, रुंद, दिसायला नवा. उंचीला मात्र ७६८ ओळीच. म्हणजे जुन्या पंधरा इंची चौकोनी पडद्याइतक्याच. सिनेमा पाहणाऱ्याला फरक पडला नाही. हिशोब लिहिणाऱ्याला पडला.

एका राइस मिलच्या कचेरीतले दृश्य या बाबतीत बोलके होते. मुनिमाच्या पडद्यावर टॅली उघडलेली, तिच्यामागे ई-वे बिलाचे पोर्टल, त्याच्याही मागे धरमकाट्याच्या वजनाची यादी. गाडीचा नंबर एका खिडकीत दिसे आणि दुसरीत भरायचा असे. मुनीम तो नंबर बिडीच्या पुडक्याच्या पाठीवर पेन्सिलने लिहून घेई, मग खिडकी बदलून टाइप करी. दिवसाला चाळीस गाड्या असल्या की चाळीस वेळा ही लिहालिही. आकडा चुकला की नाक्यावर गाडी अडे. मिलमालकाचे मत असे पडले की पडदा लहान पडतो. म्हणून त्यांनी घरचा बत्तीस इंची टीव्ही आणून लावला. अक्षरे लाडवाएवढी झाली, काम तेवढेच राहिले. कारण तो टीव्ही ‘एचडी रेडी’ होता, म्हणजे त्याचेही पिक्सेल १३६६ × ७६८ च. पडदा वाढला, मावणारा मजकूर वाढला नाही. शिवाय स्वस्त टीव्ही रंगाची माहिती पुष्कळदा अर्ध्यावर आणतो. चालत्या चित्रात ते कळत नाही, पण पांढऱ्यावरच्या बारीक लाल-निळ्या अक्षरांच्या कडा त्याने विस्कटतात. शेवटी त्या टेबलावर साडेएकवीस इंची, १९२० × १०८० चे दोन मॉनिटर शेजारी-शेजारी लागले. एकावर टॅली, दुसऱ्यावर पोर्टल. उंचीला ७६८ च्या जागी १०८० ओळी, म्हणजे चाळीस टक्के जास्त नोंदी एका नजरेत. पुडके टेबलावरून गेले.

कामाच्या मॉनिटरबद्दलचा पहिला धडा हाच आहे: इंच आणि पिक्सेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांचे एकमेकांशी प्रमाण तिसरी. हे प्रमाण दर इंचातल्या पिक्सेलने मोजतात. साडेएकवीस इंचांवर १०८०पी, म्हणजे १९२० × १०८०, घेतले तर इंचाला साधारण १०२ पिक्सेल पडतात, चोवीस इंचांवर ९२, सत्तावीस इंचांवर ८२. सत्तावीस इंचांवर १४४०पी, म्हणजे २५६० × १४४० घेतले, तर १०९. इंग्रजी अक्षर ८२ वर खपून जाते. देवनागरीचे तसे नाही. रोमन अक्षराच्या वर-खाली फार काही नसते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, रकार, जोडाक्षराचा पाय. दहा पॉइंटच्या मजकुरात रफार आणि अनुस्वार एकत्र आले की कमी पिक्सेलच्या पडद्यावर दोघांचा मिळून एक ठिपका होतो, आणि ऱ्हस्व-दीर्घ उकार ओळखायला पुढे वाकावे लागते. बालाघाटातले बहुतेक कार्यालयीन टायपिंग हिंदीत, घरचे आणि पत्रिकेचे पुष्कळसे मराठीत. लिपी दोन्हीकडे हीच. म्हणून सत्तावीस इंची १०८०पी हा इथे सर्वांत जास्त खपणारा आणि सर्वांत जास्त पस्तावायला लावणारा मॉनिटर आहे. दुकानात तो सहा फुटांवरून भव्य दिसतो. टेबलावर दोन फुटांवर आल्यावर त्याचे पिक्सेल मोजता येतात. गेम खेळणाऱ्याला तो चालतो, दिवसभर वाचणाऱ्याला नाही.

मग जितके पिक्सेल जास्त तितके चांगले, असे मानून थेट ४के घ्यावा काय? सत्तावीस इंची ४के पडद्यावर इंचाला १६३ पिक्सेल येतात आणि देवनागरी खरोखर छापल्यासारखी दिसते; मात्र सगळे दीडपट मोठे करून पाहावे लागते, आणि अडचण तिथे सुरू होते. छपाईच्या धंद्यात अजूनही २००१ साली निघालेले पेजमेकर ७ आणि कृतिदेव फाँट यांवर हात बसलेले लोक आहेत. असे जुने सॉफ्टवेअर या मोठे करण्याला तयार नसते. विंडोज त्याची खिडकी चित्रासारखी ताणते आणि अक्षरे धुरकट होतात. ताणू दिली नाही तर मेनू मुंगीएवढे. एका प्रेसमध्ये मुलाने हौसेने आणलेला ४के मॉनिटर वडिलांनी आठवड्याच्या आत १०८०पी वर उतरवून ठेवला होता, आणि त्यांच्या कामापुरते ते बरोबरच होते. ज्याचे काम ब्राउझर, वर्ड आणि नव्या सॉफ्टवेअरवर चालते त्याने ४के जरूर पाहावा. जुन्या डीटीपीवाल्याला चोवीस इंची १०८०पी किंवा सत्तावीस इंची १४४०पी जास्त सोयीचे.

पॅनल कोणता, हा दुसरा प्रश्न. टीएन, व्हीए आणि आयपीएस ही तीन नावे खोक्यावर असतात किंवा मुद्दाम नसतात. नाव नसेल तर पडद्याकडे खालून आणि बाजूने पाहावे. रंग उलटे-फिकट झाले तर टीएन. हा पॅनल वेगवान आणि स्वस्त, म्हणून आधी गेमिंगवाल्यांचा लाडका होता. आयपीएस हे हिताचीने १९९६ मध्ये आणलेले तंत्र. कोणत्याही कोनातून रंग स्थिर राहतात. व्हीएमध्ये काळा रंग खरोखर काळा दिसतो, कॉन्ट्रास्ट साधारण ३०००:१, तर साध्या आयपीएसचा १०००:१ च्या आसपास. अंधाऱ्या खोलीत सिनेमा पाहायला व्हीए छान. पण अंधारातल्या वेगवान दृश्यात स्वस्त व्हीए पॅनल मागे काळे ओघळ सोडतो.

पाहण्याच्या कोनाचे महत्त्व कियोस्कवर कळते. तिथे पडद्याकडे एकच माणूस पाहत नाही. चालवणारा समोर, अर्जदार काउंटरपलीकडे वाकून, त्याच्यामागे रांग. २०२३ साली राज्य सरकारच्या लाडली बहना योजनेसाठी समग्र आयडीची ई-केवायसी करायला बाया पहाटेपासून उभ्या असत. नावाचे स्पेलिंग, नवऱ्याचे नाव, जन्मतारीख हे सगळे अर्जदारानेच वाचून ‘बरोबर’ म्हणायचे. पण टीएन पडदा तिच्याकडे वळवला की तिला अर्धा फॉर्म पांढराफेक दिसायचा. ती मान डोलवायची आणि चुकीचे नाव सादर व्हायचे. ज्यांनी काउंटरवर ग्राहकाकडे तोंड करून दुसरा लहान आयपीएस मॉनिटर लावला आणि त्यावर तेच चित्र दाखवले, त्यांच्या दुरुस्त्या एकदम कमी झाल्या. सरकारी धान खरेदीच्या नोंदणीच्या हंगामात शेतकरी जमिनीचा खसरा नंबर स्वतः वाचून पाहतो, बोट ठेवून चूक दाखवतो. उत्पादकता वाढवणे म्हणतात ते हेच, आणि त्याला जुना जपलेला मॉनिटरही पुरतो.

फोटो स्टुडिओची गोष्ट रंगाइतकीच उजेडाचीही आहे. नवा मॉनिटर डब्यातून निघतो तेव्हा त्याचा ब्राइटनेस बहुधा कमाल पातळीवर किंवा तिच्या जवळ असतो. त्या झगझगाटात डिझायनर लग्नाचा अल्बम जुळवतो, नवरीचा चेहरा छान उजळ दिसतो, फाइल लॅबला जाते आणि छापून येतो तो संध्याकाळी काढल्यासारखा काळपट अल्बम. दोष लॅबला दिला जातो. वास्तविक कागद स्वतः प्रकाशत नाही. छपाईच्या कामासाठी पडदा ८० ते १२० निटवर (निट हे उजेडाचे माप) उतरवून ठेवायचा असतो, म्हणजे बहुतेक मॉनिटरवर ब्राइटनेस निम्म्याखाली. लॅबकडून आलेला एक चांगला छापील फोटो आणि त्याचीच फाइल शेजारी ठेवून, दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणणे, ही महागड्या यंत्राशिवाय जमणारी पद्धत आहे. रंगांसाठी खोक्यावर ‘एसआरजीबी ९९ टक्के’ असे काही लिहिलेले पाहावे. ‘४५ टक्के एनटीएससी’ असेल तर तो पडदा हिशोबाचा आहे, हळदीच्या पिवळ्याचा नाही. ‘१.६७ कोटी रंग’ हे मात्र जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असते आणि त्यातून काहीच कळत नाही.

गेम खेळणाऱ्याचे मोजमाप वेगळे. त्याला एका क्षणातले चित्र किती रेखीव यापेक्षा पुढचे चित्र किती लवकर येते याची पर्वा असते. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर एक चित्र १६.७ मिलिसेकंद थांबते, १४४ वर ६.९, २४० वर ४.२. साठवरून एकशेचव्वेचाळीसवर जाताना जवळजवळ दहा मिलिसेकंद वाचतात. तिथून दोनशेचाळीसवर जाताना तीनसुद्धा नाही. पहिली उडी कोणालाही दिसते, अगदी माउसचा बाण नुसता हलवला तरी. दुसरीसाठी दुप्पट पैसे मोजावेत असे डोळे थोड्यांचेच असतात. १०० हर्ट्झचे साधे मॉनिटर आता कार्यालयीन किमतीत मिळू लागले आहेत, आणि लांबलचक पीडीएफ सरकवताना त्यांचा फायदा मुनिमालाही होतो.

२०२० मध्ये दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. जूनमध्ये व्हॅलोरंट हा संगणकावरचा गेम आला आणि सप्टेंबरमध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली. फोनवर खेळणारी पुष्कळ मुले संगणकाकडे वळली आणि १४४ हर्ट्झ हा शब्द गल्लीत पोचला. त्यानंतर दुकानात वारंवार दिसलेली तक्रार अशी: नवा मॉनिटर घेतला, फरक काहीच नाही. दर वेळी तपासणीचा क्रम ठरलेला. आधी सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडायचे. तिथे ‘६० हर्ट्झ’ लिहिलेले असते. विंडोज आपण होऊन वरचा आकडा निवडेलच असे नाही. तिथे १४४ चा पर्यायच नसेल तर केबल पाहायची. जुन्या संगणकाची एचडीएमआय १.४ ची जोडणी १०८०पी ला १२० पर्यंतच जाते. डिस्प्लेपोर्टची केबल खोक्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली तशीच पडलेली असते. तिसरा प्रकार सर्वांत मजेशीर: केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डच्या छिद्रात लावलेली, आणि वीस हजारांचे कार्ड आत नुसते पंखा फिरवत बसलेले. एका मुलाने असे सहा महिने खेळून काढले होते, आणि मित्रांत तोच कार्डाचे गुणगान करत असे.

कार्डाची ताकद आणि पडद्याचा वेग यांची जोडी जमली पाहिजे. जीटीएक्स १६५० सारखे कार्ड व्हॅलोरंटमध्ये १४४ फ्रेम सहज काढते, पण मोठ्या, जड गेममध्ये १०८०पी लाच पन्नास-साठच्या आसपास घुटमळते. त्याला १४४०पी चा १६५ हर्ट्झचा मॉनिटर जोडला तर चित्र मोठे होते आणि गेम रांगतो, कारण १४४०पी मध्ये १०८०पी च्या पावणेदोनपट पिक्सेल रंगवावे लागतात. पैसे मर्यादित असतील तेव्हा कार्ड आधी आणि पडदा मागून, हा क्रम. फ्रेमची संख्या खालीवर होते तिथे फ्रीसिंक किंवा जी-सिंक उपयोगी. पडदा कार्डाच्या चालीने चालतो आणि चित्र मधोमध फाटत नाही. एनव्हिडियाने जी-सिंक २०१३ मध्ये, एएमडीने फ्रीसिंक २०१५ मध्ये आणले; २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डेही साध्या फ्रीसिंक मॉनिटरवर हे काम करतात, त्यामुळे जी-सिंकच्या वेगळ्या चिपचे जादा पैसे देण्याचे कारण उरले नाही. आणि पिंगचा, म्हणजे नेटवरच्या उशिराचा, दोष पडद्याला देऊ नये. गोळी उशिरा लागण्याचे कारण बालाघाटात बहुतेक वेळा राउटरपासून मुंबईच्या सर्व्हरपर्यंतच्या वाटेत असते, मॉनिटरपाशी नाही.

‘एक मिलिसेकंद’ या शिक्क्यावर फार विसंबू नये. तो आकडा पुष्कळदा बॅकलाइट झपाझप विझवून मिळवलेला असतो. ती सोय चालू केली की उजेड उतरतो आणि काहींचे डोके दुखते. स्वस्त मॉनिटरवरचे ‘एचडीआर’ बंद ठेवलेलेच बरे. साडेतीनशे निटांच्या पडद्यावर त्याने रंग धुतल्यासारखे होतात. वक्र पडद्याचे आकर्षण मोठे आहे. गाड्यांच्या शर्यतीत तो रंगत आणतो. पत्रिकेची चौकट आखणाऱ्याला मात्र सरळ रेघ सरळ आहे की नाही याचा भरवसा उरत नाही. चौतीस इंची अल्ट्रावाइडवर टॅली आणि एक्सेल शेजारी मस्त मावतात, पण व्हॅलोरंट त्याची पूर्ण रुंदी वापरूच देत नाही, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात.

या सगळ्याचा खरा कस लागतो तो किरनापूर किंवा लांजीहून बाप-लेक जोडीने येतात तेव्हा. “भाऊ, पोराले गेमचा पायजे, मले बिलाचा. पयसा एकाचाच आहे,” हे वाक्य वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलेले आहे. पोरगा हर्ट्झ मोजतो, बाप इंच मोजतो, आणि दोघांच्या मधली वस्तू दोघांच्याही यादीत नसते. अनुभवाने ठरलेले उत्तर असे: चोवीस इंची, १०८०पी, आयपीएस, १४४ च्या आसपास हर्ट्झ, आणि वर-खाली होणारा स्टँड. पैसे कमी पडले तर हर्ट्झ शंभरावर आणावेत, पण आयपीएस आणि स्टँड सोडू नये. कार्ड दमदार असेल आणि पैशाची ओढाताण नसेल तर सत्तावीस इंची १४४०पी. बापाची अक्षरे आणि पोराचा वेग दोन्ही त्यात सांभाळले जातात.

स्टँडचा आग्रह उगाच नाही. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली असावी लागते. स्वस्त मॉनिटरचा पाय ठेंगणा असतो, म्हणून दुकानोदुकानी त्याच्याखाली कागदाचे रिम, जुन्या खातेवह्या, एके ठिकाणी तर पितळी पाट ठेवलेला दिसतो. काम भागते, पण बापाची उंची आणि शाळकरी मुलाची उंची वेगळी, आणि पाट दर संध्याकाळी कोणी काढत नाही. मागे ७५ किंवा १०० मिलिमीटरच्या चौकोनाची चार भोके असतील तर पुढे भिंतीचा किंवा टेबलाचा हात लावता येतो. ही भोके नसलेला मॉनिटर घेऊ नये.

२०२० च्या टाळेबंदीत पुणे, हैदराबाद, बंगळूरहून परतलेल्या मुलांनी लॅपटॉप घेऊन घराच्या वरच्या मजल्यावर कचेऱ्या मांडल्या. महिन्याभरात मान आखडली आणि बाहेरच्या मॉनिटरची मागणी आली. गोंदिया-नागपूरकडेही माल कमी होता, त्यामुळे कपाटातले जुने मॉनिटर बाहेर निघाले. व्हीजीए आणि एचडीएमआय यांची गाठ घालणारे कनेक्टर त्या काळात जेवढे विकले गेले तेवढे आधी कधी गेले नसतील. तेव्हाच आणखी एक गोष्ट लक्षात आली. लाइट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण मॉनिटर आणि राउटर एकदम विझतात आणि मीटिंग तुटते. लॅपटॉपला यूपीएसची गरज नाही. मॉनिटर आणि राउटरला आहे, आणि दोघांचे मिळून ओझे इतके कमी की लहानसा यूपीएसही त्यांना बराच वेळ ओढतो. नव्या मॉनिटरमध्ये यूएसबी-सी असेल तर एकाच केबलने चित्र जाते आणि लॅपटॉप चार्जही होतो. मात्र ती ६५ वॉट किंवा त्याहून जास्त देते का ते पाहावे.

डोळ्यांची तक्रार घेऊन येणाऱ्याच्या खोलीत एकदा जाऊन यावे. बहुतेक वेळा खिडकी मॉनिटरच्या मागे असते किंवा समोर. पडदा खिडकीशी काटकोनात ठेवला की अर्धे काम होते. चकचकीत काच सिनेमाला शोभते, दुकानात तिच्यात रस्ता दिसतो. तिथे मॅट पडदाच हवा. बाकी डोळे कोरडे पडतात ते पडद्याकडे पाहताना पापणी कमी मिटते म्हणून. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहणे हा नेत्रतज्ज्ञांचा साधा उपाय निळा उजेड रोखणाऱ्या कोणत्याही चष्म्यापेक्षा कामाचा.

बालाघाटचा पावसाळा हा मॉनिटरचा मोठा शत्रू. जूनच्या पहिल्या गडगडाटानंतर आठवडाभर दुरुस्तीच्या टेबलावर रांग लागते. वीज दूर कुठेतरी पडते आणि तारांतून आलेला झटका पॉवर सप्लाय जाळतो. ज्या मॉनिटरचा अडॅप्टर बाहेर असतो, त्याचा पुष्कळदा अडॅप्टरच जातो आणि नवा लावून काम होते. सप्लाय आत असला तर मॉनिटर उघडावा लागतो. घरात अर्थिंग नसेल तर एचडीएमआयची पिन चालू संगणकात खुपसताना ठिणगी पडते आणि पोर्ट मरतो. दोन्ही यंत्रे बंद करून मगच केबल लावण्याची सवय इथे नुसती शिस्त नाही, खर्च वाचवणारी गोष्ट आहे. उन्हाळ्यातही सावध राहावे. बहुतेक मॉनिटर ४० अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात, आणि मे महिन्यात टिनाच्या छताखालची दुकाने त्याच्या पुढे जातात.

धान निसवते त्या दिवसांत वेगळाच पाहुणा येतो. संध्याकाळी शेताकडून उजेडावर किडे झेपावतात, आणि त्यांतली डोळ्याला जेमतेम दिसणारी चिलटे मॉनिटरच्या कडेच्या फटीतून पॅनलच्या आत शिरतात. पांढऱ्या पानावर एक काळा ठिपका चालू लागतो. पहिली ऊर्मी बोटाने दाबण्याची. दाबले की किडा पडद्याच्या थरांमध्ये चिरडला जातो आणि तो ठिपका कायमचा राहतो. त्यासाठी पॅनल खोलणे परवडत नाही. मॉनिटर बंद करावा, खोलीत अंधार करावा आणि पडद्याच्या कडेला एखादा दिवा लावून ठेवावा. बहुतेक किडे आले त्या वाटेने उजेडाकडे निघून जातात. लांजीकडच्या एका वकिलाच्या कचेरीत मॉनिटरवर दोन ठिपके अजून आहेत, आणि नवखा टंकलेखक त्यांना अनुस्वार समजून खोडायला जातो.

किमतीच्या बाबतीत कराचे गणित काही काळ बत्तीस इंचांशी बांधलेले होते. जानेवारी २०१९ पासून बत्तीस इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १८ टक्के जीएसटी आणि त्यावरच्यांवर २८ टक्के, असा भेद होता. सप्टेंबर २०२५ च्या बदलात मोठेही १८ टक्क्यांत आले, त्यामुळे अल्ट्रावाइडच्या किमती पाहताना जुने अंदाज बाजूला ठेवावेत. खोक्यावर बीआयएसचा नोंदणी क्रमांक असावा. वॉरंटी बहुधा तीन वर्षांची असते, पण ती कुठे मिळते हे महत्त्वाचे. घरी येऊन सेवा देण्याच्या यादीत ४८१००१ हा पिनकोड आहे का, की गोंदिया, नागपूर किंवा जबलपूरला खोके घेऊन जावे लागेल, हे बिल करण्याआधी विचारून घ्यावे. मूळ खोके आणि थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवावा. बसच्या टपावरून चादरीत गुंडाळून गेलेले पॅनल कोपऱ्यातून तडकून परत येतात, आणि तडा वॉरंटीत बसत नाही.

मॉनिटर मिळाल्यावर पहिल्याच दिवशी पूर्ण पडद्यावर आळीपाळीने लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि काळा रंग लावून पाहावा. काळ्यावर पेटलेला आणि पांढऱ्यावर विझलेला पिक्सेल तेव्हाच सापडतो. एकदोन पिक्सेलसाठी कंपन्या पॅनल बदलून देतीलच असे नाही. किती खराब पिक्सेलवर बदली, हा आकडा कंपनीगणिक वेगळा असतो आणि वॉरंटीच्या कागदात लिहिलेला असतो. ऑनलाइन मागवलेला असेल तर परत करण्याची मुदत दहा दिवसांच्या आतबाहेर, आणि ती खोके फोडल्यापासून नाही, पोचल्यापासून मोजतात.